सोळा वर्षं थांबलेलं काम



शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्यांकडे आईवडील बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन येतात: "याला जरा ऐकायला शिकवा. घरात कुणाचंच ऐकत नाही." त्या मागणीमागची काळजी मला कळते. मूल देवाचं भय धरून वाढावं, हातात घेतलेलं काम त्याने तडीस न्यावं, रविवारी उपासनेला त्याला ओढून न्यावं लागू नये, असं कुठल्या आईबापाला वाटत नाही? पण मूल ऐकायला कुठे शिकतं, याचा शोध घेताना आपण सगळीकडे पाहतो आणि स्वतःकडे पाहायचं राहून जातं. म्हणून आज मुलांना थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आपण मोठीच माणसं बोलू.

जुन्या कराराच्या शेवटाकडे हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक आहे. दोनच अध्याय, अडतीस वचनं. पानं उलटताना ते सहज निसटून जातं. एज्राच्या पुस्तकातला पाचवा आणि सहावा अध्याय त्याच्या जोडीने वाचला की एक पूर्ण गोष्ट हाती येते. संसार चालवणाऱ्या, पोराबाळांच्या माणसांची इतकी जवळची गोष्ट पवित्र शास्त्रात क्वचितच असेल.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम पाडलं, शलमोनाने बांधलेलं मंदिर जाळलं आणि लोकांना धरून नेलं. पुढे पारसाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि इ.स.पू. ५३८ मध्ये हुकूम काढला, की यहूद्यांनी परत जावं आणि आपल्या देवाचं मंदिर बांधावं. नोकरचाकर सोडून ४२,३६० माणसं परतली, असं एज्रा सांगतो. त्यांनी आधी वेदी उभारली, मग मंदिराचा पाया घातला. त्या दिवशी तरुणांनी आनंदाने जयघोष केला आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले. कुठला आवाज हर्षाचा आणि कुठला रडण्याचा, हे ओळखू येईना.

आणि मग काम थांबलं. शेजारच्या लोकांनी धाक घातला, पैसे चारून दरबारी सल्लागार विरोधात उभे केले. माणसं घाबरली आणि आपापल्या घरी गेली. सुमारे सोळा वर्षं त्या पायावर काही चढलं नाही.

या सोळा वर्षांपाशी मला तुम्हाला थांबवायचं आहे. पाया घातला त्या वर्षी जन्मलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. ते रांगायला लागलं, चालायला लागलं, बापाबरोबर शेतावर जाऊ लागलं, मिसरूड फुटण्याच्या वयाला आलं. एवढ्या वर्षांत येताजाता त्याने तो पाया पाहिलाच असेल. मुलं विचारतातच, "बाबा, हे काय आहे? हे असं अर्धं का?" आणि उत्तर काय मिळत असेल, ते हाग्गयामुळे आपल्याला कळतं. लोकांच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं: मंदिर बांधण्याची वेळ अजून आलेली नाही.

ही माणसं दुष्ट नव्हती. बाबेलमध्ये बसलेली घडी मोडून, शेकडो कोस चालून, केवळ देवाच्या घरासाठी ती आली होती. मंदिर बांधायचं नाही, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. बांधायचं, पण आत्ता नाही. आधी राहायला छप्पर हवं होतं, ते झालं. मग भिंतींना लाकडी तक्ते हवेसे वाटले, तेही झालं. शेतात पेरावं भरपूर आणि हाती यावं थोडं, अशी सालं चालली होती, त्यामुळे आधी शेत सावरणं भाग होतं. प्रत्येक कारण खरं होतं. तरी कारणांच्या त्या रांगेत देवाच्या आज्ञेची पाळी सोळा वर्षं आली नाही.

आपल्या घरात हेच कुठल्या शब्दांत बोललं जातं, ते तुम्ही मला सांगायला नको. दहावी होऊ दे, मग रोज घरी प्रार्थना करू. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते, एवढं वर्ष जाऊ दे. फ्लॅटचे हप्ते फिटले की दशमांशाचं बघू. भावाशी बोलणं टाकलंय ते चुकीचं आहे हे कळतंय, पण वाटणीचं एकदा मिटू दे. यातलं एकही वाक्य देवाला नकार देत नाही. मूल मात्र शेजारच्या खोलीत अभ्यास करताना ही वाक्यं ऐकत असतं आणि त्यातून आज्ञापालनाचा एक पक्का अर्थ शिकतं: देवाचं म्हणणं खरं, पण ते शेवटी करायचं. मग ते आपलं म्हणणं शेवटी ठेवू लागलं, की आपण म्हणतो, हल्लीची मुलं ऐकत नाहीत.

पारसाच्या दारयावेश राजाचं दुसरं वर्ष, इ.स.पू. ५२०. सहाव्या महिन्याचा पहिला दिवस. हाग्गय उभा राहिला. त्याचं बोलणं खरखरीत आहे, लांबण लावणारं नाही. आपल्या चालीचा विचार करा, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. खाता पण पोट भरत नाही, पांघरता पण ऊब येत नाही, मिळवता ते भोकाच्या पिशवीत जातं, हे का होतंय ते बघा. आणि मग अगदी सरळ सांगणं: डोंगरावर जा, लाकडं आणा, घर बांधा. मला या आज्ञेचा साधेपणा फार मोलाचा वाटतो. मन शुद्ध करा, उंच विचार करा, असं त्याने सांगितलं असतं तर लोक माना डोलवून घरी गेले असते. त्याने कुऱ्हाड घेऊन डोंगर चढायला लावलं.

लोकांनी ऐकलं. सुभेदार जरुब्बाबेल, महायाजक यहोशवा आणि उरलेले सगळे, असं हाग्गय आवर्जून लिहितो. सुभेदारापासून मोळी वाहणाऱ्यापर्यंत एकही सुटलेला नाही. त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी काम सुरू झालं. सोळा वर्षं जे होत नव्हतं, ते तेवीस दिवसांत हलायला लागलं.

पण या तेवीस दिवसांच्या मधे एक गोष्ट आहे, ती आईबापांनी नीट वाचावी. लोकांनी ऐकायचं ठरवलं आणि लगेच, एकही दगड चढायच्या आधी, देवाचा निरोप आला: मी तुमच्याबरोबर आहे. बांधून दाखवा, मग येतो, असं देव म्हणाला नाही. आणि पुढचं वाक्य तर असं आहे, की सुभेदाराचं, याजकाचं आणि सर्व लोकांचं मन परमेश्वरानेच चेतवलं. म्हणजे ऐकण्याची उमेदही त्याचीच देणगी. मुलांना आज्ञापालन शिकवताना आपण किती वेळा याच्या उलट करतो! "आधी मार्क आण, मग जवळ घेईन" असं तोंडाने कुणी बोलत नाही, पण चेहरा बोलतो. "देव बघतोय हां, शिक्षा करील" हे तर आपण तोंडानेही बोलतो. मला कळकळीने सांगायचं आहे, की देवाचं नाव छडीसारखं वापरू नका. आपल्या रागाला, आपल्या सोयीला, आपल्या इभ्रतीला देवाची आज्ञा म्हणून मुलांपुढे उभं करू नका. मुलाला त्यातला फरक लगेच कळतो, आणि एकदा कळला की आपल्याबरोबर ते देवावरही अविश्वास दाखवू लागतं. ज्या घरात "मी तुझ्याबरोबर आहे" हे आधी ऐकू येतं, त्या घरातल्या मुलाला "हे कर" ऐकणं जड जात नाही.

काम सुरू झालं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असंही नाही. महिनाही उलटला नव्हता. सातव्या महिन्याच्या एकविसाव्या दिवशी, मंडपांच्या सणाच्या दिवसांत, हाग्गयाला पुन्हा बोलावं लागलं, कारण लोक खचले होते. जुन्या मंदिराचं वैभव ज्यांना आठवत होतं त्यांना हे नवं काहीच नाही असं वाटत होतं. देवाने त्यांना ते वाटणं खोटं आहे असं सांगितलं नाही. हिंमत धरा, असं सांगितलं, तेही सुभेदाराला वेगळं, याजकाला वेगळं आणि लोकांना वेगळं. काम करा, मी आहे. त्याच काळात बोलणाऱ्या जखऱ्या संदेष्ट्यानेही लहानशा सुरुवातीला तुच्छ मानणाऱ्यांना हटकलं आणि ग्वाही दिली, की ज्या जरुब्बाबेलाच्या हातांनी पाया घातला, तेच हात काम पुरं करतील.

घरात रात्रीची प्रार्थना नव्याने सुरू केलेल्यांना हा महिना माहीत असेल. पहिल्या आठवड्यात सगळे बसतात. दुसऱ्यात धाकटा पेंगतो, मोठी मोबाईल मांडीखाली ठेवते. तिसऱ्यात बाबांना उशीर होतो. चौथ्यात आईला वाटतं, आपल्या लहानपणी आजोबा भजन म्हणायचे तेव्हा सगळं घर कसं गायचं, आणि आता हे काय! ती तुलनाच हात गाळायला लावते. आजोबांच्या घरातली प्रार्थना त्यांच्याबरोबर गेली. तुमच्या घरची पाच मिनिटांची असेल, सुरात नसेल, पण आज देवाने तुमच्या हाती दिलेली तीच आहे.

नंतर सरकारी अडचण आली. नदीपलीकडच्या प्रांताचा अधिकारी तत्तनइ आपली माणसं घेऊन आला. बांधायला परवानगी कुणी दिली? म्होरक्यांची नावं काय? यहूदी वडिलांनी दिलेलं उत्तर मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला त्यांचा आदर वाटतो. आम्ही आकाशाच्या व पृथ्वीच्या देवाचे सेवक आहोत, हे त्यांनी आधी सांगितलं. मग पूर्वी एका मोठ्या राजाने हे मंदिर बांधलं होतं, हे सांगितलं. आणि मग, परक्या अधिकाऱ्यासमोर, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं, की आमच्या वाडवडिलांनी देवाला कोपवलं म्हणून ते पाडलं गेलं. त्यांनी पूर्वजांची चूक झाकली नाही आणि दोष बाबेलच्या माथी मारला नाही. घराण्याचं नाव राखण्यासाठी आपण मुलांपासून किती लपवतो! आजोबांचं व्यसन, काकांचा कोर्टातला खोटा दावा, आपली स्वतःची चुकलेली वाट. मुलं मोठी झाली की त्यांना हे बाहेरून कळतं. ज्या घरात मोठी माणसं "इथे आपलं चुकलं होतं, म्हणून आता असं करतोय" असं शांतपणे सांगू शकतात, तिथे आज्ञापालन मुलांना हुकूम वाटत नाही. ते घराचा रस्ता वाटतं.

तपास चालू असताना काम थांबलं नाही. दारयावेशाकडे पत्र गेलं, दफ्तरं धुंडाळली गेली आणि मेदी प्रांतातल्या अखमथा इथल्या राजवाड्यात कोरेशाच्या हुकुमाची गुंडाळी सापडली. उंची साठ हात, रुंदी साठ हात, खर्च राजाच्या खजिन्यातून. ते काम चालू द्या, त्याचा खर्च तिकडच्या करातून भरा, असा उलटा हुकूम तत्तनइलाच आला. अडवायला आलेला माणूस पुरवठा करू लागला. दारयावेशाच्या सहाव्या वर्षी अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे इ.स.पू. ५१५ च्या मार्चच्या सुमारास, मंदिर पुरं झालं. लाकडं आणायला सांगितल्यापासून साडेचार वर्षांत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण देवाची आज्ञा पाळली की यश मिळतं, हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. या लोकांना काय मिळालं? राज्य मिळालं नाही, राजा पारसाचाच राहिला. मंदिर शलमोनाच्या मंदिराच्या तोडीचं झालं नाही. शलमोनाच्या समर्पणाला २२,००० बैल आणि १,२०,००० मेंढरं अर्पण झाली होती. इथे १०० बैल, २०० एडके, ४०० कोकरे. त्यांना मिळालं ते हे, की देवाने सोपवलेलं काम त्यांच्या हातून पुरं झालं. आज्ञाधारक मुलाला नीटमध्ये चांगला रँक मिळेलच, असं वचन पवित्र शास्त्रात कुठे नाही आणि तसं आपण त्याला सांगू नये. ते सांगितलं आणि रँक आला नाही, तर मुलाचा विश्वास कशाच्या आधाराने उभा राहणार?

पुरं झालेलं काम म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला यरुशलेमपर्यंत जायला नको. केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी संस्कृतची ही विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. छपाई त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात झाली. दुष्काळातून आलेल्या, विधवा झालेल्या, घरांनी टाकलेल्या मुली तिथे आसरा घेऊन होत्या, आणि खिळे जुळवणारे हात त्यांच्यातलेच होते. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ साली. त्यांना तो हातात धरता आला नाही. तरी ते अपुरं राहिलेलं काम म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि ज्या मुलींनी ते खिळे जुळवले, त्यांना देवाचं ऐकणं म्हणजे काय हे कुणी वेगळं शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

मंदिर पुरं झाल्यावर जी उपासना झाली, तिचं वर्णन एज्रा आनंदाच्या शब्दाने करतो, आणि एकदा करून थांबत नाही. समर्पण आनंदाने झालं. पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण, त्यानंतर सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, तोही आनंदाने, कारण परमेश्वराने त्यांना आनंदित केलं होतं. तो आनंद त्यांनी आणला नव्हता, त्यांना दिला गेला होता. रविवारी सकाळी "हस जरा, देवाच्या घरात चाललोय" असं म्हणून मुलाच्या चेहऱ्यावर तो आणता येत नाही. सोळा वर्षांत यरुशलेमात वेदी होती, बळी होत होते, सण होत होते. उपासना बंद पडली नव्हती. पण एज्रा त्या वर्षांबद्दल आनंदाचा शब्द लिहीत नाही. अडवून ठेवलेली आज्ञा मनात असली की गाणं गळ्यातून निघतं, पण आत पोचत नाही. हे आपल्यापैकी कुणाला अनोळखी आहे?

त्या समर्पणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. बारा बोकड अर्पण झाले, इस्राएलाच्या बारा वंशांसाठी. बारापैकी दहा वंशांचं उत्तरेकडचं राज्य तर दोनशे वर्षांपूर्वीच अश्शूराने मोडून माणसं पांगवली होती. समोर नव्हती ती माणसंही मोजली गेली. घरातून दुखावून गेलेला मुलगा, मंडळी सोडून गेलेली बहीण, ज्यांचं नाव जेवताना निघत नाही अशी माणसं, यांची नावं घरच्या प्रार्थनेत मुलांसमोर घ्या. आनंद त्याने उणा होत नाही.

आणि वल्हांडण हा मुळातच मुलांच्या प्रश्नाचा सण. या विधीचा अर्थ काय, असं मुलं विचारतील तेव्हा त्यांना मिसरातून झालेली सुटका सांगा, अशी मोशेच्या काळापासूनची आज्ञा आहे. अर्ध्या पायाकडे बघत वाढलेला तो पोरगा आता वीस-एकवीस वर्षांचा झाला असेल. त्याच्या बापाकडे या वेळी सांगण्यासारखं उत्तर होतं. याच सणाला, पाच शतकांनंतर, नासरेथचे योसेफ आणि मरीया दरवर्षी यरुशलेमला चालत जात. येशू बारा वर्षांचा झाला तेव्हा तो यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, गुरुजनांत बसून ऐकत आणि विचारत. आणि मग तो नासरेथला परत आला आणि आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, असं लूक लिहितो. ते दोघे दरवर्षी जात होते, हेही लूकच सांगतो.

या आठवड्यात एका संध्याकाळी हाग्गयाचे दोन्ही अध्याय आणि एज्राचा सहावा अध्याय घरी मोठ्याने वाचा. वाचायला पाऊण तासही लागणार नाही. नावं अवघड आहेत, ती मुलांना वाचायला द्या, त्यांना मजा येते. लहानांना डोंगरावरून लाकडं आणण्याचं चित्र काढू द्या. इतके बैल का मारले, असं एखादी पोर विचारील. तिला गप्प करू नका, बळींबद्दल आणि ख्रिस्ताने स्वतःला दिलं त्याबद्दल तिच्या वयाला झेपेल एवढं सांगा. वाचून झाल्यावर कुणीतरी विचारीलच, की आपल्या घरात असं कुठलं काम थांबलंय? त्या वेळी मुलांकडे बघू नका. आधी बाबांनी उत्तर द्यावं, मग आईने, आणि जमलं तर दुसऱ्याच दिवशी त्यातलं एक काम हाती घ्यावं. भावाला फोन करायचा असेल तर मुलं जागी असताना करा.